दीड चौकोन

सड्यावर पहाटेचा वारा समुद्राकडे जातो.
साडेपाचला मी थर्माकोलचा डबा उघडते:
दोन इवल्या कुप्या, आयोडाइडचं पाणी
आणि एक पंप,
टेबलावर दमेकऱ्यासारखा घरघरणारा.
झाकणावर बोट फिरवलं की काळं येतं.
खाली बंदरात कोळशाचं जहाज लागलंय.
मी झाकण पुसते.
या काळ्याचा हिशेब दुसऱ्या खात्याकडे,
माझं खातं ढगांच्या वर उघडतं.

बोनिफास सिलिंडर सोडतो.
रबर ताणत जातं, आतून उजेड दिसू लागतो,
दोरी सोडण्याआधी तो छातीवर क्रूस करतो.
बावीस वर्षं.
मी कधी विचारलं नाही.

मग फक्त आकडे.
पाच किलोमीटर: शून्याच्या जरा खाली.
बारा: ओझोन अचानक वाढलेला,
इतका, की मी पंपावर संशय घेते.
पण पंप ठीक आहे.
कुठल्या तरी देशात गवत जळलं असेल
आठवड्यापूर्वी,
आणि त्याचा धूर उन्हात शिजत शिजत
दाबोळीच्या विमानांहून उंच,
कुणालाही न दिसता
आमच्या डोक्यावरून चाललाय.
सतरा: उणे एक्क्याऐंशी.
तिथे हवा पातळ, कोरडी,
कुणाच्याही नाकाला न लागलेली.
तेहेतीसवर फुगा एका खोलीएवढा होतो
आणि फुटतो.
आवाज आमच्यापर्यंत येत नाही.
रेघ नुसती खाली वळते.

दुपारी विदुला प्रियोळकर मॉडेल उघडते.
तिच्या पडद्यावर गोवा म्हणजे दीड चौकोन.
एक अख्खा,
अर्धा कर्नाटकाबरोबर वाटून घेतलेला.
उंचीला साठ मजले,
आणि प्रत्येक मजल्यावर एकच वारा, एकच तापमान.
मांडवी, जुवारी, खाणींची लाल धूळ,
म्हापशाचा शुक्रवार, माझ्या आईचा खोकला,
सगळं एका सरासरीत सुखानं नांदतं.
बाराव्या किलोमीटरवर मॉडेल म्हणतं:
इथे काही नाही.
माझी रेघ म्हणते: आहे.
विदुला कितीतरी वेळ गप्प.
मग म्हणते, "तुझी एक रेघ, गो,
आणि मला अख्खं आकाश भरायचंय."
तेही खरंच आहे.
ती चहा मागवते. आम्ही दोघी
त्या फरकाकडे पाहत बसतो,
न सुटलेल्या गाठीकडे बघावं तसं.

चार दिवसांनी फोन. नेत्रावळीहून, शाणू वेळीप.
"बाये, तुमची पेटी म्हज्या बागायतींत पडल्या."
मागे भट्टीचा आवाज, एप्रिलचा महिना,
बोंडूंचा आंबूस वास फोनमधूनही यावा असा.
मी नेहमीचं सांगते: धोका नाही, वीज नाही,
फुग्याचं रबर गुरांना खाऊ देऊ नका.
तो ऐकून घेतो. मग विचारतो,
"वयर कितें आसा?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी त्याला थंडी सांगते, ओझोन सांगते,
परक्या गवताचा धूर सांगते.
तो म्हणतो, म्हणजे वाफ वर जाते, गार होते, दुसरंच काही बनते.
होय, मी म्हणते, साधारण तसंच.
उर्राकाचा दम तो बाटली हलवून ओळखतो,
बुडबुडे किती वेळ टिकतात त्यावरून.
चूक किती निघते? मी विचारते.
तो हसतो. "पिणारो सांगता."

आणि मग, जरा थांबून:
"म्हज्या भट्टेचो धुंवर थंय पावता?"

खोटं बोलता आलं असतं.
तुझा आख्खा तालुका
आमच्या चौकोनाच्या कोपऱ्यातही भरत नाही, शाणू,
तुझा धूर आहे,
पण तो कुठला, ते आम्हाला वेगळं काढता येत नाही.
असं काहीतरी मी म्हटलं,
याहून वाईट शब्दांत.
"जाता," तो म्हणाला. चालायचंच.

ठेवता ठेवता त्यानं विचारलं,
डबा परत हवा का?
त्यात कोंबडी बसलीये, सात अंड्यांवर.

नोंदवहीत शेवटचा रकाना असतो:
उपकरण परत मिळाले काय.
मी लिहिलं, नाही.
पेन टोपणात घातलं. परत काढलं.
शेरा: वापरात आहे.