पुण्यातली बाकी

बार्शीची शेवटची गाडी साडेबाराला.
स्वारगेटवर डास मारत बसण्यापेक्षा
सारसबागेकडं चालत गेलो,
खांद्याला पिशवी, पिशवीत आठ लोडसेल.
वजनकाटे दुरुस्त करतो मी, वडलांपासून.
पोटात सकाळचे पोहे होते, तेही विसरलेले.

"एक भेळ. तिखट."
मैनाबाई घुले, असं पाटीवर,
कांदा अशा चिरत होत्या
की बोटांना वाटावं आता आपला नंबर.
फोन पुढं केला, दाबलं,
आणि डबा ओरडला साऱ्या गल्लीत:
चारशे रुपये प्राप्त झाले.

चाळीसवर एक शून्य जास्तीचं.
आणि मी, जो दिवसभर
लोकांच्या काट्यांची शून्यं लावतो!

"पैसे जातात दीपराजच्या खात्यात," त्या म्हणाल्या,
"तो चाकणला रात्रपाळीला, फोन लॉकरात.
गल्ल्यात सत्तर आहेत, ते मला लागतील."
म्हटलं, राहू द्या मग.
चिंचेच्या पाण्याचा चमचा हवेतच थांबला.
"राहू कसं द्या? मी काय देवळापुढं बसलेय?"

भेळेच्या कागदावर त्यांनी लिहिलं ३६०,
खाली रेघ, रेघेखाली सही.
"हा घ्या आणि खात सुटा. मैनानं पाठवलं म्हणा."

हैदर शिकलगारनं कागद
बल्बसमोर धरून पाहिला, नोट तपासावी तसा.
"अक्षर तिचंच. रेघ वाकडी आहे."
मग तव्यावर उलथनं असं वाजवलं
की समोरच्या रिक्षातलं झोपलेलं पोर उठलं.
डबल भुर्जी, चार पाव, वर लिंबू.
नव्वद वजा केले त्यानं, पिवळ्या अंगठ्यानं.

कणीसवाल्या लक्ष्मव्वाला वाचता येत नाही.
तिनं कागदाचा एक कोपरा फाडला,
कमरेच्या पिशवीत टाकला.
"तीस झालं," म्हणाली,
आणि मीठ-मिरची चोळली दाण्यांवर,
लिंबाच्या फोडीनं, जोर लावून,
तान्ह्याला न्हाऊ घालतात तशी.

फुटाणेवाल्याचा काटा पाच ग्रॅम खात होता.
लांबूनच दिसलं मला. हात शिवशिवले.
पिशवीत पाना होता, दोन मिनिटांचं काम.
पण तोंडात त्याचेच गरम फुटाणे होते,
आणि दुसऱ्याच्या नावावर खाणाऱ्यानं
तिसऱ्याचं माप काढू नये.

दाबेली उभ्यानंच खाल्ली, डाळिंबाचे दाणे शर्टावर.
मग मस्तानी.
ग्लास वीतभर, वर आइस्क्रीमचा डोंगर,
डोंगरावर काजू, एकटाच.
"ही प्यायची की खायची?" मी विचारलं.
"काहीही करा," गणा तांदळे म्हणाला,
"पुण्यात कुणीतरी सांगतंच, चुकलं म्हणून."

भोवती फुगे, बुडबुड्यांच्या बंदुका, नंबरांच्या आरोळ्या,
एक नवरदेव, हळदीच्या हातांनी पाणीपुरी खाणारा,
आणि मी, कागद धरून,
या गल्लीत कुणाचा तरी माणूस असल्यासारखा.
कुल्फीवाल्यानं तर न विचारताच दोन दिल्या,
पन्नास खोडले, म्हणाला, "मैनाताईंचे पाहुणे ना?"

पावणेबाराला परत आलो. कागदावर उरले ३५.
मैनाबाई पातेलं घासत होत्या.
"पस्तीसची भेळ येत नाही."
"थोडी कमी द्या."
"कमी देत नाही."
कागदाची घडी केली, ओल्या हातानंच,
काडेपेटीच्या खाली, खंडोबाच्या तसबिरीमागं ठेवली.
"राहील इथं. हरवत नाही आमच्याकडं काही."

गाडी हडपसरला थांबली, भरली, निघाली.
बोटांना अजून चिंच, नखांत मिरची.
शेजारचा गृहस्थ शाल सारखी करत म्हणाला,
"पुण्यात कोण असतं तुमचं?"
तोंड उघडलं, मिटलं.
मग म्हणालो,
"येणं आहे थोडं."