पन्नास तेत्री

यांचा गुडघा धरला, म्हणून हे हॉटेलवर.
मी एकटीच खाली उतरले,
तिबिलिसीत, सप्टेंबरात, साडेसातला,
चिनारांच्या बागेत.
उजेड जायला तयार नव्हता,
कारंजं मात्र कुणीतरी वेळेवर बंद केलं.

बाकांवर फाशांचा खडखडाट.
एक बाई छोट्या ग्लासने मापून
सूर्यफुलाच्या बिया विकत होती, वर चिमूटभर जास्त.
कानात पिवळा बिल्ला अडकवलेला कुत्रा
प्रत्येक बाकापाशी थांबत होता,
हजेरी घेतल्यासारखा.

आणि वाटेच्या कडेला, वर्तमानपत्रावर,
बाथरूममध्ये असतो तसला वजनकाटा.
मागे स्टुलावर एक म्हातारा, इस्त्रीच्या कोटात.
पुठ्ठ्यावर ५० एवढंच मला वाचता आलं,
बाकी सगळी जिलबी.

मला तसं वजन करायचं नव्हतं.
पण तो दुपारपासून बसला असणार,
आणि कुणाला हाक मारत नव्हता.

चपला काढल्या. सवयच ती.
तो हसला. मग बोटाने पर्स दाखवली: तीही खाली.
पर्समध्ये दोन पासपोर्ट, खोलीची चावी, यांच्या गोळ्या,
परतीची तिकिटं, चौघडी केलेली.
नऊ दिवस ती खांद्यावरून उतरली नव्हती,
जेवतानासुद्धा मांडीवर.
ठेवली.
कुत्रा येऊन तिच्या शेजारी बसला.

काटा थरथरला. तो वाकला, चष्मा कपाळावर.
बाकावरून कुणीतरी ओरडलं, "नुग्झार!"
त्याची पाळी आली असेल.
त्याने मागे न बघता हात हलवला
आणि कागदाच्या कपट्यावर आकडा लिहिला,
डॉक्टर लिहितात तसा, तारीख घालून,
खाली सही.

एकसष्ट.
घरी अठ्ठावन्न भरते.
पण घरचा काटा मीच शून्याच्या जरा अलीकडे
सरकवून ठेवलाय, चार वर्षं झाली.
हे फक्त मला माहीत होतं.
आता नुग्झारलाही.

सुटे नव्हते, एक लारी दिला.
त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले,
मग बियावालीला काहीतरी सांगून
ग्लासभर बिया माझ्या ओढणीत ओतवल्या.

खोलीत यांनी विचारलं, काय पाहिलंस?
म्हटलं, बाग.
पर्स खुंटीला लावली,
कपटा पासपोर्टात सरकवला, शिक्क्याच्या पानाशी.

मग दोघं खिडकीत बसून बिया फोडत राहिलो.
टरफलं कुठे टाकायची, ते काही कळेना.