पहिले पाढे

मोयनाकच्या शाळेमागच्या शेडमध्ये
काडेपेटीहून जरासा मोठा बोर्ड
आज तिसऱ्यांदा उठला.
दोनदा उठता उठता कोसळला होता,
फोनच्या चार्जरवर त्याचं भागेना.
मग बीबिनाझनं ट्रॅक्टरची बॅटरी फरफटत आणली,
मधे व्होल्टेज उतरवणारी डबी जोडली,
आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी
सरसरत गेल्या.
शेवटी कर्सर लुकलुकत थांबला,
उंबऱ्यावर चपला काढू की नको
अशा पाहुण्यासारखा.

शरीर बाहेर उभं आहे त्याचं.
चार चाकं बाबागाडीची, दोन हातगाडीची,
पाठ पत्र्याची, वेल्डिंग सार्सेनबाय यांचं,
पोटात साक्सावूलच्या बियांचं नरसाळं.
चालायचं, पेरभर उकरायचं,
चिमूट सोडायची, माती लोटायची,
पुन्हा तीन पावलं.
एवढंच.
पण एवढ्यासाठी चारशे बारा पॅकेजं हवीत
आणि त्यातलं एकही उतरेना.

पुन्हा कमांड. पुन्हा तोच नकार.
केबल बदलली, हॉटस्पॉट खिडकीत टांगला,
कार्ड पुसून नव्यानं लिहिलं,
पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
‘सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.’
अजून? बीबिनाझ म्हणाली.
गेल्या वर्षीचं आहे ते. अजून म्हणजे काय?

मग तिनं बोर्डालाच तारीख विचारली.

गुरुवार, एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
शून्य वाजून अकरा मिनिटं.

घड्याळाचा सेल नाही ना याच्यात, मी म्हटलं.
वीज गेली की सगळं विसरतो,
आणि मोजायला सुरुवात करतो
ती तिथूनच.

सार्सेनबाय चहा ओतत होते. थांबले.
(इथे आजोबांना आता म्हणतात,
मला वाक्यं जपून करावी लागतात.)
शून्य अकरा कुठले? त्यांनी विचारलं.
लंडनचे, आता.
म्हणजे आमच्याकडे पहाटेचे पाच.

मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
मी नऊ वर्षांचा, म्हणाले.
पाणी तेव्हाच जरा मागे सरलं होतं,
पण मोठी माणसं म्हणायची, येईल परत.
जानेवारीत बर्फ. वडील पहाटे पाचला
पहार घेऊन भोक पाडायला जायचे,
मी कंदील धरायचो.
बर्फाखालून आवाज यायचा,
पोटात गुरगुरल्यासारखा.

कुणी काही बोललं नाही.
पडद्यावर बारा मिनिटं झाली. तेरा.
दाराबाहेर शिंपल्यांचा चुरा
आणि वाऱ्याबरोबर सरकणारं मीठ,
दिसेल तिथवर.

सांगू का त्याला? बीबिनाझनं विचारलं.
चहा होऊ दे, सार्सेनबाय म्हणाले.

चहा झाला.
तिनं एक ओळ टाइप केली,
पंचावन्न वर्षं
एका एंटरमध्ये.

त्यानंतर सगळं मुकाट उतरलं.
चौऱ्याहत्तर टक्क्यांवर मेमरी संपली,
तर कार्डावरची दोन जीबी उसनी घेतली;
पोर्टची परवानगी राहिली होती, ती दिली.
रात्री दीडला एक नोड बोलला,
दुसऱ्यानं ऐकलं,
आणि डावं पुढचं चाक फिरलं.
उलटं.
सार्सेनबाय इतके हसले
की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.
मी दोन वायरींची अदलाबदल केली.

घड्याळाचा सुटा भाग ताश्कंदहून मागवलाय,
महिना तरी लागेल.
तोवर रोज सकाळी बॅटरी जोडली
की बोर्ड उठतो
त्याच पहाटेत.

बीबिनाझ शाळेत शिकवायला जाते,
म्हणून ती ओळ सार्सेनबाय शिकलेत.
चष्मा कपाळावरून खाली,
एकच बोट, आधी वर्ष.
एंटर मात्र लगेच दाबत नाहीत.
कपातला चहा संपवतात,
कप उपडा ठेवतात,

मग.