जेवणानंतर

दिवसभर मी चिकट लेबलं छापते:
एक गोळी, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.
कीथलीच्या उतारावरचं औषधांचं दुकान,
गावाचं नाव लिहितात एक, म्हणतात भलतंच,
तरी लोक माझ्या अक्षरावर भरवसा ठेवतात.

घरातल्या एका औषधाला मात्र
मी कधी लेबल लावलं नाही.

इरावती दीड वर्षाची होती. दात येत होते, अंगात ताप,
बाहेर फेब्रुवारी.
तोंडात घातलेला घास ती जिभेनं परत ढकलायची.
हा चिऊचा, म्हटलं. हा काऊचा.
खिडकीत चिऊ नव्हती.
समोरच्या धुराड्यावर राखाडी मानेचा एक पक्षी,
आमच्या काऊचा कुणी लांबचा नातलग असावा,
त्याला कुठल्या नावानं हाक मारायची मला ठाऊक नव्हतं.
मग वरणाच्या वाटीला टेकवून
मी फोन उभा केला.
निळा हत्ती नाचला. तोंड उघडलं. भात संपला.
त्या हत्तीला मी हात जोडले.
खरंच जोडले.

आता ती नऊची. हत्ती कधीच गेला,
वाटी अजून टेकू देते.

गुरुवारी शाळेत बैठक. ओल्या कोटांचा, कस्टर्डचा वास,
बसायला मुलांच्याच खुर्च्या, गुडघे हनुवटीशी.
मिसेस सटक्लिफनी भिंतीवरचा पडदा गुंडाळलेलाच ठेवला.
म्हणाल्या, मुलं वर्गात पेंगतात, ते नंतर बोलू.
आधी सांगा, तुमच्या घरी पहिल्यांदा कुणी दिला, कधी?

छताकडे बघून झालं. बुटांकडे बघून झालं.
मग पिवळं जाकीट अंगात तसंच असलेला ब्रोनिस्लाव म्हणाला,
बंदरावरच्या रांगेत, गाडीत, सहा तास.
होदान म्हणाली, तिसरं झालं तेव्हा, आधीच्या दोघांना.
मी म्हटलं, तापात. वरणभाताबरोबर.
कुणी हसलं नाही.
बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकली.

ठरलं ते एवढंच: सात ते आठ,
वर्गातल्या सगळ्या घरांत एकदमच,
म्हणजे 'सगळ्यांकडे असतो' म्हणायला कुणी उरणार नाही.
होदाननं बोट वर केलं: मग गृहपाठ कागदावर द्या.
तुम्हीच तो स्क्रीनवर धाडता आणि आम्हाला सांगता, बंद करा.
मिसेस सटक्लिफ थांबल्या. पेन उघडलं.
लिहून घेतलं.

आमच्याकडे शंकरपाळ्यांचा डबा रिकामा होता.
इरावतीनं टॅब्लेट ठेवला, झाकण बसेना, तसाच तिरका.
"आणि तुझा?"
मला दुकानातून फोन येऊ शकतो, मी म्हटलं.
"दुकान सहाला बंद होतं, आई."

मंगळवारी मी न्हाणीघरात नळ सोडून
वीस मिनिटं कुणाची तरी नवी स्वयंपाकघरं पाहिली.
दारावर टकटक. "पाणी वाया चाललंय."
लेबलावर मीच छापते:
डोस चुकल्यास दुप्पट घेऊ नये,
पुढचा वेळेवर घ्यावा.

बुधवारी वेळेवर घेतला.
काय बोलायचं दोघींनाही सुचेना.
तिनं ताटातले वाटाणे मोजले, एकतीस.
मग विचारलं, आज दुकानात कोण आलं होतं?
मी सांगितलं मिस्टर ॲक्रॉइडचं.
रोज येतात, एकच चिकटपट्टी मागतात,
जखम कुठे आहे कधी दाखवत नाहीत,
पाऊण तास हवामानावर बोलतात.

"त्यांच्या घरी सात ते आठ कोण असतं?"

मला माहीत नव्हतं.
सहा वर्षं मी त्या माणसाला पट्ट्या विकतेय.

डबा गुरगुरला, मडक्यात भुंगा अडकावा तसा.
मी अर्धी उठले.
इरावती नुसती बघत राहिली माझ्याकडे, घास हातात.
बसले परत.

"उद्या विचार त्यांना," ती म्हणाली,
आणि उरलेले वाटाणे
माझ्या ताटात ढकलले.