किती सोडलंय?

रात्रपाळीला अण्णांचा फोन येतो,
साडेनऊच्या सुमाराला, जेवण उरकून.
जेवलास का, पोरं कशी हैत, यातलं काही नाही.
"किती सोडलंय?"
मी पॅनेलवरचा आकडा वाचतो: सातशे क्युसेक,
एकच मशीन चालू.
पलीकडून खोकला. "बरं."
फोन बंद.

मशीनपर्यंत येणारं पाणी
आधी हुंबवाडीवरून येतं.
वाघजाईच्या रिकाम्या चौथऱ्यावरून,
शाळेच्या एकुलत्या खोलीवरून,
जिथं बाईंनी फळ्यावर सतराचा पाढा लिहिला
आणि पुसायच्या आधी ट्रक आले,
असं थोरली बहीण सांगते.
मग आमच्या खळ्यावरून, उताराला लागून, बोगद्यात.
इथं त्याची वीज होते
आणि तारांवरून इचलकरंजीच्या मागांकडे जाते.
आमच्या वसाहतीत पहिला खांब आला
तेव्हा मी नववीत होतो,
धरण अकरा वर्षांचं.

दाखल्यावर लिहिलंय: धरणग्रस्त, केरबा येसू डवर,
मौजे हुंबवाडी, बुडीत.
बुडीत हा शब्द गावाला लावायचा की माणसाला,
ते तलाठ्यालाही सांगता आलं नाही.
अडीच एकर मिळाली, शिरोळच्या सपाट रानात.
नाचणीवाल्या माणसाच्या हातात उसाचं कांडं दिलं.
फाल्गुनात सऱ्यांवर मीठ फुलतं
आणि आई लांबूनच बघून म्हणते, दहिवर पडलंय.
तरी अण्णा कुणी न विचारता सांगतात,
"धरान नसतं तर निम्मा जिल्हा तहानंनं मेला असता."
सांगून झालं की तपकिरीची डबी शोधत बसतात.

परवा जाळीचा कचरा काढताना
ऐनाचं एक लाकूड वर आलं,
तासलेलं, खाचा पाडलेलं.
मी फोनवर सांगितलं.
"खाचा किती?"
"तीन."
"मग रावबा सुताराच्या परड्यातलं आसंल.
आपल्या मेढीला चार हुत्या."
लाकूड मी कपाटामागं उभं केलंय.
साहेबांनी दोनदा विचारलं, हे इथं कशाला.

महापुराच्या साली भोंगा मीच वाजवला,
पहाटे दोन चाळीसला. दरवाजे उचलले.
भोगावती, पंचगंगा, राजाराम बंधारा, मग शिरोळ:
मनात हिशेब केला, दीड दिवस.
अण्णांनी तोच हिशेब माझ्याआधी केला होता.
शेळ्या शाळेच्या गच्चीवर चढवल्या,
त्यांच्यामागून, पोत्यात घालून, वाघजाईचा तांदळा.
"हिला दुसऱ्यांदा उचलली," एवढंच म्हणाले.

पाणी आलं ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीला थांबलं.
अण्णा खाली उतरले, ओंजळ भरली, नाकाशी नेली.
"गावाचा कायच वास न्हाई रं,"
मला नंतर सांगत होते,
"नुसती मळी. कारखान्याची."
त्या आठवड्यापासून रोजचा फोन सुरू झाला.

आता ऑगस्ट आहे. तीन दिवस झाले,
घाटावरचे ढग उठायला तयार नाहीत.
अण्णांचं वय ऐंशी, रात्रीची झोप नाही,
डॉक्टर म्हणालेत, जिवाला घोर नको.
काल मी आकडा खोटा सांगितला:
सातशे, अण्णा, नेहमीचंच.
बराच वेळ खोकलासुद्धा नाही.
मग म्हणाले,
"दोन्ही मशिनींचा आवाज येतोय की रं."