दोन ते आठ

या फ्रीजला बोलता आलं असतं तर
त्याला माझ्यापेक्षा जास्त भाषा आल्या असत्या.
पेटी डेन्मार्कची, छपरावरचे सौर तावे चीनचे,
तारा कुठल्या ते कुणालाच ठाऊक नाही,
आणि दारावर चार झेंडे, मानाच्या क्रमानं.
माझं काम एवढंच:
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा
काटा बघायचा, वहीत आकडा लिहायचा.
दोनच्या खाली नको, आठच्या वर नको.
मी, सिताली, चार वर्षं
या दोन आकड्यांच्या मधे राहतो आहे.

पहिल्या वर्षी नॉर्वेहून तोरुन आली.
उंच, उन्हानं सोललेली,
डोंगीत बसताना दोन्ही कडा घट्ट धरणारी.
लुमेला शा, म्हणायची, गुरांनासुद्धा.
तिनं मला आलेख काढायला शिकवलं.
मी तिला सांगितलं, झांबेझी चढली
की आमचं आरोग्यकेंद्र बेट होतं
आणि बेटावर आलेख भिजतो.
तिनं वह्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या मागवल्या.
सात महिन्यांनी आल्या. सहाशे.
अजून आम्ही त्यांत मीठ ठेवतो.

मग मार्चमधली ती रात्र.
फ्यूज गेला, नखाएवढा,
आणि जिल्ह्याच्या गोदामात सगळं होतं, फ्यूज सोडून.
काटा सातवर. मग साडेसात.
आत गोवराच्या दोनशे मात्रा,
सोमवारी पाच वाड्यांतून मुलं येणार,
होड्यांना इसार देऊन झालेला.
मदतीचा नंबर फिरवला.
माझा फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे
ते एका बाईनं गोड आवाजात सांगितलं
आणि बासरी लावून दिली.
तिकडे कुठल्याशा संताची सुट्टी होती.
काटा आठ.

धक्क्याला कापिंगाची होडी लागलेली.
काँगोतली बाई. मासेमारीची बंदी उठली
की पहिला माल उचलायला येते.
आम्हा दोघांची भाषा बाजारापुरती:
किती. महाग. उद्या.
मी तिच्यापुढे थर्मामीटर धरला.
तिनं तो उजेडात नेऊन निरखला
आणि माझ्या कपाळाला हात लावला.
मी मान हलवली, फ्रीजकडे बोट केलं.

ती हसली नाही.
होडीत उतरली, मासे फळ्यांवर ओतले
आणि घमेली भरून बर्फ वर आणू लागली.
थेट लावू नकोस, सगळ्याच लसींना गोठणं सोसत नाही,
हे बाजाराच्या भाषेत कसं सांगतात?
मी फक्त दोन्ही हात आडवे केले.
तिनं खांद्यावरचं चितेंगे सोडलं,
बर्फाला गुंडाळलं, गाठ मारली,
पाठीशी मूल बांधतात ती गाठ.
रात्रभर आम्ही पाणी उपसत होतो.
पहाटे काटा सहावर.
बाहेर तिचे मासे, डोळे उघडे, वास मारत.

महिनाअखेरीस तोरुनचं पत्र, आता दुसऱ्याच देशातून.
आलेख उत्तम. अभिनंदन.
फक्त एक खुलासा हवा:
चौदा तारखेला बर्फ लिहिलं आहे, स्रोत कोणता?
पर्याय चार: सरकार, भागीदार, खाजगी, इतर.
मी भागीदारवर फुली मारली.
खाली माशांची किंमतही लिहिली, साठ डॉलर.
कार्यालयानं कळवलं,
या नावाचा भागीदार यादीत नाही
आणि माशांसाठी खर्चाचं शीर्ष नाही.
खेद होता, छापील.
पाकिटात मात्र आणखी एक चिठ्ठी, पेनानं खरडलेली,
तिला माझ्याकडून दे,
आणि वीसची एक नोट, चार घड्या घातलेली.

कापिंगानं नोट उलगडली, उन्हात धरली,
कमरेला खोचली.
नी इतुमेझी, म्हणालो मी.
उद्या, म्हणाली ती,
आणि होडी लोटली.

फ्रीजला अजून वास येतो.
मुलं सुईच्या आधीच तोंड वाकडं करतात.
आज सकाळी: पाच.
वासासाठी रकाना नाही.
मी समासात लिहितो.