गार नळ

ऑगस्टमध्ये मुहर्रकात गार नळाला कढत पाणी येतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापत असते.
गीझर मात्र मे महिन्यातच बंद केलेला,
म्हणून गरम नळाला गार.
हे मला अकरा वर्षं माहीत आहे.
तरी त्या दिवशी हात सवयीने
निळ्या ठिपक्याकडे गेला
आणि चमचाभर यीस्ट मी उकडून मारलं.

दहा मिनिटं वाट पाहिली. मग वीस.
वाटीत ना फेस, ना बुडबुडा,
नुसतं गढूळ पाणी.
तरी मळलं. भिजवलेले ओट टाकवेनात.
भाजून जे निघालं ते
विद्याधरने टेबलावर ठोकून पाहिलं.
म्हणाला, दे, ड्रायडॉकवर नेतो,
बोटीखाली टेकू द्यायला होईल.

हा खटाटोप त्याच्याच साखरेसाठी.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं,
मैदा बंद, खुबूसचं तर नाव नको.
आणि आमच्या जिन्याला लागूनच
पहाटे साडेचारपासून गुलामअलीचा तंदूर.
त्याचा वास तिसऱ्या मजल्यावर येतो,
लिफ्ट बंद असली तरी.

दुसऱ्यांदा शहाणी झाले.
लाल ठिपक्याचं पाणी घेतलं, जरासं कोमट केलं,
मनगटावर थेंब टाकून पाहिला,
तान्ह्याच्या दुधाचा पाहतात तसा.
(आमच्या घरी कधी लागलं नाही ते.
मनगटाला कसं ठाऊक, देव जाणे.)
वर अर्धा चमचा खजुराचा पाक,
तो यीस्टला. विद्याधरच्या हिशेबात धरायचा नाही.
वाटी कुजबुजायला लागली.
थोड्या वेळाने चक्क काठावर आली.

भाकरीचं पीठ मी ओळखते. ते ऐकतं.
हे ओटचं पीठ उलट उत्तरं देणारं,
बोटांना सोडेना, बांगडीत शिरलं,
आणखी पीठ घालावं तर दगड होईल ही धास्ती.
शेवटी तेलाचा हात लावून समजूत काढली.

आता फुगवायचं कुठे?
एसीत ते पाय पोटाशी घेऊन निजतं,
एसी बंद करावा तर माणसं फुगतात.
मगरिबची बांग झाली तसं
पातेलं ओल्या पंच्याने झाकून खाली नेलं,
गाडीत मागच्या सीटवर ठेवलं.
पट्टा लावला.
वॉचमन शफीकुल काचेला नाक लावून विचारतो,
वहिनी, आत कोण आहे?
म्हटलं, निजलंय. उठवू नकोस.

पाऊण तासाने गेले
तर पंचा वर उचललेला, टम्म,
आणि सगळ्या गाडीला आंबोळीच्या पिठाचा वास.
तो वास इथे, पार्किंगमध्ये,
पेट्रोल आणि समुद्राच्या मधोमध.
मी दार लावून घेतलं
आणि पुढच्या सीटवर थोडा वेळ
उगाच बसून राहिले.

टिनात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं,
पहाटे चारला उठून बाहेर काढलं, पाचला भाजायला घातलं.
ओव्हन मर्सीचा. ती कोट्टयमला कायमची गेली
तेव्हा बारा दिनारला दिलेला.
बटणावरचे आकडे तिच्याच हाताने पुसले गेलेत,
त्यामुळे अंदाज नाकाने घ्यायचा.
वरून ओट भुरभुरले, ते आधी तांबूस झाले,
मग पाव तडकला, एका बाजूला, वेडावाकडा.

विद्याधर रात्रपाळीहून सहाला आला.
गरम पाव कापू नये म्हणतात. कापला.
त्याने दोन तुकडे खाल्ले, वर कडेचा तिसरा,
म्हणाला, छान झालाय गं. दातांना काम आहे,
पण छान.
मी त्याच्याकडे पाहत होते.
त्याच्या मिशीत एक तीळ होता.

पावात मी तीळ घातलेच नव्हते.

काही बोलले नाही.
उरलेल्या यीस्टच्या पुडीला चिमटा लावून
फ्रीजमध्ये ठेवली, अंड्यांशेजारी.
परात घासायला घेतली.
चिकटलेलं पीठ कढत पाण्याने सुटत नाही,
उलट अजून धरून बसतं.
लाल नळ सोडला.